शहामृगाच्या पिल्लाला मोजा

एकतीस वर्षं मी वजनमापे खात्यात निरीक्षक होतो. मी दुकानात शिरलो की दुकानदार आधी काट्याखालचं बोट काढायचा आणि मग हसायचा. निवृत्त झालो, आणि तिसऱ्याच आठवड्यात बायकोने मला स्वयंपाकघरातून हद्दपार केलं. कारण अगदी क्षुल्लक होतं. चहात साखर घालायचा तिचा चमचा मी तपासला आणि तो पाच मिलिलिटरचा नसून सव्वाचारचा आहे, असं तिला लेखी कळवलं.

"लेखी?" ती म्हणाली.

"तोंडी सांगितलेलं तू ऐकत नाहीस."

"अहो, तुम्ही घरी बसू नका. उद्यापासून माझ्याबरोबर चला."

बायको पशुवैद्य आहे. जनावरांच्या दवाखान्यात डोळ्यांचा विभाग ती सांभाळते. कुत्र्याचा मोतीबिंदू, मांजराच्या बुबुळावरची जखम, घोड्याचे लाल झालेले डोळे, हा तिचा रोजचा दिवस. तिच्या नोंदी लिहिणारी मुलगी बाळंतपणाच्या रजेवर गेली होती, ती जागा मला मिळाली. कामाचे नियम तीन: कोपऱ्यातल्या खुर्चीत बसायचं, सांगितलेलं लिहायचं आणि तोंड उघडायचं नाही. पहिले दोन मला सहज जमले.

चौथ्या दिवशी मावशी आल्या. सगळं गाव त्यांना मावशीच म्हणतं. आयुष्यभर त्यांनी शाळेत कवायत शिकवली आणि इतर लोक ज्या वयात आराम करतात त्या वयात गावाबाहेर शहामृगं पाळायला घेतली. आता अडुसष्टाव्या वर्षी गुडघे गेले होते, आवाज मात्र जागच्या जागी होता.

"जागा द्या! पेशंट आहे!" असं ओरडत त्या आल्या, तेव्हा बाकावरची चार माणसं आणि एक बोकड एकदम उठून उभे राहिले.

हातात कपडे धुवायला टाकायची वेताची टोपली होती. झाकण सुतळीने करकचून बांधलेलं, आणि झाकणाच्या फटीतून एक लांबलचक मान बाहेर आलेली. शहामृगाचं सहा आठवड्यांचं पिल्लू. अंगावर साळिंदरासारखे राठ काटे-पिसं, मानेवर ठिपके, आणि डोळे असे बाहेर आलेले, की त्याला कुणीतरी नुकतीच वाईट बातमी सांगितली आहे असं वाटावं.

"हा बटबट्या," मावशी म्हणाल्या. "आठवडाभर डोळे असेच आहेत. की आधीपासूनच आहेत कोण जाणे. अडतीस पिल्लांत कुणाकुणाचे डोळे बघू?"

नेमके त्याच वेळी मोठे डॉक्टर तिथे होते. हे बायकोचे गुरू. विभागातून निवृत्त होऊन त्यांना नऊ वर्षं झाली, पण रोज सकाळी येतात, चहा घेतात आणि दोन-तीन डोळ्यांचं निदान करून जातात. त्यांनी बटबट्याची पापणी मिटवली, वरून अंगठा दाबला आणि डोळे बंद करून क्षणभर थांबले.

"दगड," ते म्हणाले. "काचबिंदू. आत पाणी साठून डोळ्याचा दाब वाढलाय. उजवा डोळा तर काढावाच लागेल. नाहीतर दुखून दुखून हे खाणं सोडेल."

मावशी बाकावर बसल्या. गुडघे वाकवताना त्या नेहमी तोंडाने आवाज करतात म्हणे. या वेळी केला नाही.

बायकोने कपाटातून यंत्र काढलं. हे यंत्र हातात मावणारं असतं. त्याच्या टोकाला टाचणीएवढी काडी असते आणि काडीच्या टोकाला मोहरीपेक्षा लहान गोळी. यंत्र डोळ्यासमोर आडवं धरायचं आणि कळ दाबायची. गोळी डोळ्याला अगदी हलकेच टेकते आणि परत उडी मारते. डोळा घट्ट असेल तर उडी जोरात, मऊ असेल तर सावकाश. अशा सहा टिचक्या झाल्या की यंत्र शिट्टी देतं आणि आकडा दाखवतं. थेंब नको, भूल नको. माझ्यासारख्या माणसाचा जीव जडावा असंच ते यंत्र होतं.

"उजवा एकवीस," बायको म्हणाली. "डावा वीस."

मी लिहिलं. आणि मग तिसरा नियम मोडला. "म्हणजे जास्त आहे का?"

बायको माझ्याकडे वळली. मला वाटलं, आता झाडते. पण ती म्हणाली, "कशापेक्षा?"

तिने फळीवरची पुस्तकं उतरवली. त्यांत घुबडांचे आकडे होते, पोपटांचे होते, ससाण्यांचे होते. सहा आठवड्यांच्या निरोगी शहामृगाच्या डोळ्यात दाब किती असतो, हे तिच्याकडच्या एकाही पुस्तकात नव्हतं. मला तर हसूच आलं. प्रमाण वजन जवळ नसेल तर काटा म्हणजे नुसता झोपाळा. वर काय आणि खाली काय! हीच गोष्ट मी एकतीस वर्षं दुकानदारांना सांगत आलो होतो.

"सर, मला आठवडा द्या," बायको मोठ्या डॉक्टरांना म्हणाली. "मावशींची सगळी पिल्लं मोजते. निरोगी पिल्लाचा आकडा काय ते कळू दे, मग याचं ठरवू. आज डोळा काढला तर उद्या परत बसवता येणार नाही."

"आणि आठवड्यात जास्त बिघडलं तर?"

"फार दुखत असतं तर हा खात नसता, सर."

बटबट्याने त्याच क्षणी माझ्या पेनाचं टोपण गिळलं.

"निघेल उद्या," मावशी म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मावशींकडे गेलो. लांबट पत्र्याची शेड, खाली वाळू, कडेला उबेचे दिवे, आणि अडतीस पिल्लांचा एकच लोंढा. मी फाटकातून आत पाऊल टाकलं, तसा तो लोंढा माझ्यावर आला. शहामृगाच्या पिल्लाला जे चमकतं ते खाण्याचंच वाटतं. पहिल्या पाच मिनिटांत माझ्या शर्टाची दोन बटणं गेली. बूट काढून ठेवावे लागले, कारण चौघं मिळून त्यांच्या नाड्या ओढत होती.

पिल्लं धरायला पैलवान होता. मावशींच्या शाळेतला हा जुना विद्यार्थी, आता चाळिशीचा. तरुणपणी कुस्त्या मारल्या, नंतर पक्ष्यांत रमला. त्याची मान आणि डोकं यांच्यामध्ये सीमारेषा नव्हती. पिल्लांवर त्याचा जीव होता, पण तो जीवसुद्धा आवळून लावायचा. एकेक पिल्लू धावत जाऊन पकडायचा, काखेत मारायचा आणि दुसऱ्या हाताने त्याची मान अशी धरायचा, की पिल्लू तर सोडाच, माझाही श्वास अडकायचा.

"घ्या डॉक्टरीणबाई! हलला तर मला सांगा!"

पहिला आकडा चोवीस. दुसरा सव्वीस. मग एकोणतीस, पंचवीस, एकतीस. बायकोचा चेहरा उतरत चालला. दुपारपर्यंत अकरा पिल्लं झाली, आणि तोवर चित्र असं होतं, की सगळं शहामृगकुळ काचबिंदूने ग्रासलेलं आहे आणि त्यांतल्या त्यांत जरा बरा आहे तो बटबट्याच.

तिने मोठ्या डॉक्टरांना फोन लावला. हात वाळूने भरलेले होते म्हणून फोन टेबलावर ठेवून बोलली, त्यामुळे त्यांचं बोलणं सगळ्यांनी ऐकलं.

"मग सरळ आहे," ते म्हणाले. "रोग रक्तातच आहे. सगळा कळप गेला."

मावशी उठल्या, शेडमध्ये गेल्या आणि पिल्लं मोजायला लागल्या. "एक! दोन! तीन!" कवायतीच्या आवाजात, एकेका पिल्लाकडे बोट करून. अडतीसपर्यंत मोजलं आणि परत एकपासून सुरुवात केली. पैलवान भिंतीकडे तोंड करून नाक शिंकरत होता.

मी कागद पुढे ओढला. मला एक खोड आहे. नुसता आकडा लिहून माझं समाधान होत नाही. वेळ, जागा, हवामान, हजर माणसं, सगळं लिहितो. कुणी सांगितलं नव्हतं, तरी प्रत्येक आकड्यापुढे मी लिहिलं होतं: कुणी धरलं. अकरांपैकी नऊ पिल्लं पैलवानाने धरली होती. ती सगळी तेविसाच्या वर. मधे तो खाद्याची पोती उतरवायला गेला, तेव्हा दोन पिल्लं मावशींनी मांडीवर घेतली होती. त्यांचे आकडे पंधरा आणि सोळा. दुपारच्या निराशेत ते दोन आकडे कुणाच्या ध्यानातच आले नव्हते.

मी उभा राहिलो. दुकानात चोरी पकडताना यायचा तोच आवाज माझ्या घशातून आला.

"हा माणूस काटा मारतोय!"

पैलवानाने नाक पुसलं. "मी? मी काय मारतोय?"

"काट्यावर हात ठेवतोयस तू. मान आवळली की डोक्यात रक्त तुंबणार, रक्त तुंबलं की डोळ्याचा दाब चढणार. हे आकडे पिल्लांचे नाहीत, तुझ्या मुठीचे आहेत."

"मापवाले," पैलवान म्हणाला. मावशींचं बघून तोही मला मापवाले म्हणायला लागला होता. "ही पिल्लं मी अंड्यातून निघताना बघितलीत. मी त्यांना त्रास देईन होय? फुलासारखी धरतो मी."

"मग मला धर," मी म्हणालो.

बायको म्हणाली, "अहो, भलतंच काय!"

पण शंका तिच्याही मनात आली असावी, कारण तिने यंत्रात नवी काडी बसवली. हे यंत्र पक्ष्यांसाठी लावलेलं आहे, तेव्हा माणसाच्या आकड्याला अर्थ नाही, फक्त फरकाला आहे, आणि हे कुणाला कधीही सांगायचं नाही, असं तिने आधी बजावलं. मी खुर्चीत बसलो. टिच, टिच, टिच, सहा वेळा. काही कळतसुद्धा नाही, पापणीला वारा लागावा तेवढंच. यंत्राने शिट्टी दिली.

"तेरा," बायको म्हणाली.

"आता धर. पिल्लाला धरतोस तस्सा."

पैलवानाने मला काखेत घेतलं. पुढचं मला नीट आठवत नाही. शेडचे दिवे आधी पिवळे होते, मग जांभळे झाले. कानात समुद्र वाजायला लागला. त्या समुद्राच्या पलीकडून बायकोचा आवाज आला, "सत्तावीस," आणि मग जरा घाबरून, "सोडा! अहो सोडा त्यांना!"

पैलवानाने मला खुर्चीत ठेवलं आणि स्वतःच्या हातांकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"फुलासारखं धरलं होतं," तो हळूच म्हणाला.

"बाबा रे," मी म्हणालो, "फुलं वाचली ती तुझ्या हातात आली नाहीत म्हणून."

म्हणजे रोग कळपात नव्हता, धरण्यात होता. मावशींच्या अंगात एकदम दहा वर्षांपूर्वीचं बळ आलं. पण प्रश्न सुटला नव्हता. मावशींना पिल्लं मांडीवर घेता येत होती, तीही बसल्या जागी आणि पिल्लू गप्प असेल तरच. बहुतेक पिल्लं गप्प नव्हती. सैल धरलं की चोच मारायची, मान सापासारखी फिरवायची, आणि यंत्राची काडी दिसली की ती गिळायलाच बघायची.

मावशी विचार करून म्हणाल्या, "डॉक्टरीणबाई, मी सांगू? आधी मोजा."

"मोजतेच आहे हो मावशी. सकाळपासून दुसरं काय करतेय?"

"तसं नाही. पिल्लाला मोजा."

"पिल्लालाच तर मोजतेय!"

"अहो, मोजा! पायातला!"

"पायातला काय मोजू? डोळा मोजायचाय ना?"

शेवटी पैलवानाने मधे पडून उलगडा केला. मोठ्या शहामृगाला धरायचं असलं की ते त्याच्या डोक्यावर लांब मोजा चढवतात. डोळ्यांपुढे अंधार झाला की लाथा झाडणारा पक्षीसुद्धा जागच्या जागी शांत उभा राहतो.

"पण मावशी, डोळाच झाकला तर मी काडी टेकवू कुठे?" बायको म्हणाली.

मग मला जाणवलं, की ती तिघं माझ्या पायांकडे बघताहेत. बूट काढलेले होतेच. डाव्या मोज्यातून माझा अंगठा बाहेर आला होता, आणि मागे टाचेपाशी रुपयाएवढं दुसरं भोक होतं.

"काढा," बायको म्हणाली.

"अगं, चारचौघांत..."

"काढा म्हणते ना. धुतलेला आहे का?"

"सकाळपर्यंत होता."

मोजा हौदावर धुतला, उबेच्या दिव्याखाली वाळवला आणि एका दांडग्या पिल्लाच्या डोक्यावर चढवला. अंगठ्याच्या भोकातून चोच आणि नाकपुड्या बाहेर आल्या. जरासं फिरवलं, तर टाचेचं भोक थेट डोळ्यावर. त्यातून एक मोठा, ओला, तपकिरी डोळा आमच्याकडे बघत राहिला. बाकी सगळं जग त्याच्यासाठी संपलं होतं, आणि तसं ते संपल्याबद्दल त्याची तक्रार दिसत नव्हती. मावशींनी हनुवटीखाली दोन बोटं टेकवली. सहा टिचक्या. शिट्टी.

"चौदा," बायको म्हणाली, आणि माझ्याकडे बघून हसली. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात हसायची तशी.

मोजलेली अकरा पिल्लं रद्द केली आणि पहिल्यापासून सुरुवात झाली. आता शिस्त ठरली. वेळ रोज सकाळची. पिल्लाला मागे धावून पकडायचं नाही, चुचकारून आणायचं. आणल्यावर दहा मिनिटं कोपऱ्यातल्या कुंपणात निवांत उभं करायचं. मग मोजा. मग मोजायचं. डावा डोळा झाला की मोजा फिरवून उजवा. मोजलेल्या पिल्लाच्या पायात रंगीत कडं.

पैलवानाला बायकोने वेगळा अभ्यास दिला. पिकलेला टोमॅटो हातात घेऊन शेडची एक फेरी मारायची. फुटला तर दुसरा घ्यायचा. पहिल्या दिवशी सहा टोमॅटो फुटले आणि ते सगळे पिल्लांनी खाल्ले, त्यामुळे पैलवान फाटकाशी दिसला की पिल्लं रांगेत यायला लागली. दुसऱ्या दिवशी दोन फुटले. तिसऱ्या दिवशी त्याने एक टोमॅटो सकाळपासून दुपारपर्यंत सांभाळला आणि मग कुणाला तरी दाखवायला म्हणून मावशींपुढे धरताना आनंदाच्या भरात फोडला.

माझ्या बाजूने एकच अपघात झाला. निळ्या कड्याच्या एका पिल्लाने माझ्या वहीचं पान फाडलं आणि माझ्या डोळ्यांदेखत खाल्लं. त्यात चौदा पिल्लांचे आकडे होते. बायको मटकन खाली बसली.

"रडू नकोस," मी म्हणालो. "तीन प्रती आहेत."

"तीन?"

"एक तुझ्या बॅगेत, एक माझ्या खिशात. हा फक्त मूळ दस्तऐवज खाऊन बसलाय."

त्या दिवशी घरी गेल्यावर जेवण वाढताना तिने मला आपण होऊन स्वयंपाकघरात बोलावलं.

पाचव्या सकाळी सदतीस पिल्लं संपली. सगळ्यांत कमी अकरा, सगळ्यांत जास्त अठरा, आणि बहुतेकांचे चौदा-पंधरा. आता निरोगी म्हणजे काय ते आमच्या हातात होतं. उरला बटबट्या.

त्याला आणून कुंपणात उभा केला. दहा मिनिटं झाली. मावशींनी त्याला मांडीवर घ्यायला हात पुढे केले आणि परत मागे घेतले. ज्या हातांच्या इशाऱ्यावर पाचशे पोरं एकदम डावीकडे वळायची, ते हात.

"मला हा नाही धरवायचा," त्या म्हणाल्या.

पैलवान पुढे आला. हात कोपरापर्यंत धुतले, पुसले, खाली बसला. बटबट्याच्या डोक्यावर मोजा चढवला आणि हनुवटीखाली दोन बोटं ठेवली. नुसती टेकवली. त्याच्या कपाळावरून घाम निथळत होता. वजन उचलणाऱ्याला येत नाही इतका घाम त्याला ते वजन न देण्यासाठी आला. टिच, टिच, टिच, टिच, टिच, टिच.

"पंधरा," बायको म्हणाली. मोजा फिरवला. "चौदा."

"म्हणजे?" मावशी म्हणाल्या.

"म्हणजे काही नाही, मावशी. काहीसुद्धा नाही झालेलं याला. त्या दिवशी टोपलीच्या झाकणात मान अडकली होती ना, त्याचेच एकवीस."

पैलवानाने बटबट्याला हळूच खाली ठेवलं, बाहेर गेला, आणि बाहेरून काहीतरी मोडल्याचा आवाज आला. फाटकाची फळी होती. आनंद कुठेतरी काढायला हवाच होता.

पण मग त्याचे डोळे असे का? हे बायकोलाही सांगता येईना. दुसऱ्या दिवशी मोठे डॉक्टर स्वतः आले. काठी टेकत शेडमध्ये शिरले, आकड्यांचा कागद लांब धरून वाचला आणि परत दिला.

"यंत्रं काय, येतील आणि जातील," ते बायकोला म्हणाले. "माझा अंगठा तुझ्या यंत्रापेक्षा जुना आहे."

तोंड न उघडण्याचा नियम मला दवाखान्यापुरता आहे असं मी समजून चाललो होतो. "साहेब," मी म्हणालो, "जुनीच वजनं जास्त झिजलेली असतात."

बायकोने माझ्या पायावर पाय दिला. मोठे डॉक्टर माझ्याकडे वळले. वर्षानुवर्षं त्यांना कुणी असं बोललं नसावं.

"तुम्ही वजनमापेवाले ना? मग तपासा माझा अंगठा."

मी तपासला. पाच पिल्लं डोळ्यापाशी भोकं पाडलेले मोजे चढवून ओळीने उभी केली. त्यांत एक बटबट्या. कुठलं कुठे ते फक्त मला आणि पैलवानाला माहीत, आणि पैलवानाला मी बाहेर पाठवलं, कारण त्याच्या चेहऱ्यावर सगळं दिसतं. मोठ्या डॉक्टरांनी एकेक पापणी मिटवून अंगठा टेकवला. पहिल्याला "निरोगी" म्हणाले. दुसऱ्याला "निरोगी". तिसऱ्यापाशी थांबले, डोळे बंद केले. "हाच तो. दगड." चौथा, पाचवा निरोगी.

मी तिसऱ्याचा मोजा काढला. आतून एक बारीक डोळ्यांची, अत्यंत सुदृढ पोरगी बाहेर आली आणि त्यांच्या काठीला चोच मारून गेली. मग पहिल्याचा काढला. बटबट्याने त्यांच्याकडे नेहमीच्याच आश्चर्याने पाहिलं.

मला वाटलं, आता म्हातारा चिडणार. पण त्यांचे खांदे हलायला लागले. हसता हसता त्यांना खोकला आला, मावशींनी पाणी दिलं, ते पिऊनही परत हसले.

"चाळीस वर्षं," ते म्हणाले. "चाळीस वर्षं दाबत होतो, आणि कुणी सांगितलं नाही."

"विचारायची हिंमत कुणाची होती, सर?" बायको म्हणाली.

"हिला मीच शिकवलंय," ते मला म्हणाले, जणू मला माहीत नव्हतं. मग श्वास सावरत कुंपणापलीकडे बघितलं, आणि त्यांची नजर तिथेच थांबली. "अरे, पण ह्याच्या बापाचे डोळे बघितलेत का तुम्ही कुणी?"

आम्ही सगळे वळलो. पलीकडच्या आवारातला मोठा नर तारेवरून मान टाकून आमच्याकडे बघत होता. साडेसात-आठ फूट उंच, आणि दोन्ही डोळे तस्से बाहेर आलेले. सहा दिवस तो तिथेच उभा होता. आम्ही डोळे मोजत होतो, पण एकानेही मान वर करून त्याच्या डोळ्यांकडे बघितलं नव्हतं.

"अगंबाई!" मावशी म्हणाल्या. "चार वर्षं मला वाटतंय, हा माझ्यावर चिडलेला असतो."

"बापावर गेलाय पोरगा," मोठे डॉक्टर म्हणाले. "आणि हे मी अंगठ्याने नाही, डोळ्यांनी सांगतोय." ते बरोबर होतं, आणि ते त्यांना पहिल्यांदा दिसलं, हे बायकोने या आकड्यांवर लिहिलेल्या निबंधातही नोंदवलं.

तिने तो निबंध पशुवैद्यांच्या एका मासिकाकडे पाठवला. पिल्लू कसं धरलं या भागात तिने "मऊ कापडी टोपी, डोळ्यापाशी छिद्र" असं लिहिलं. मी हरकत घेतली. कागदोपत्री खोटं नको. तीन दिवस वाद झाला. शेवटी "वापरलेल्या पायमोज्यापासून केलेली" एवढं घालायला ती तयार झाली. कुणाचा पाय ते नाही.

छापून आलं तेव्हा आम्ही एक प्रत मावशींना द्यायला गेलो. पिल्लं आता माझ्या छातीला लागत होती आणि नवं फाटक बसलं होतं. मावशींनी चष्मा लावला, पान उजेडात धरलं आणि तक्ता वरपासून खालपर्यंत मोठ्याने वाचला. अकरा, बारा, बारा, तेरा. पैलवान शेजारी उभा राहून प्रत्येक आकड्याला मान डोलावत होता.

"ह्यात बटबट्या कुठला?" मावशींनी विचारलं.

बायकोने बोट ठेवलं. "हा. अगदी मधोमध. याच्यावर अठरा, याच्याखाली एकोणीस."

"म्हणजे इतरांसारखाच."

"इतरांसारखाच."

मावशींनी कागदाची नीट घडी घातली. "चहा टाकते," म्हणाल्या आणि आत गेल्या. बराच वेळ आल्या नाहीत. पैलवान बघायला निघाला, तर बायकोने त्याला हाताने थांबवलं. आम्ही तिघं ओट्यावर बसून राहिलो. समोर पिल्लं वाळूत उगीचच धावत होती, एक पळालं की सगळी पळायची, आणि कशासाठी ते त्यांतल्या एकालाही माहीत नव्हतं.